चारशे सतरा नंबरची स्कूटर

२०५१ साली नाशिक शहरात भाड्याने फिरणाऱ्या विजेच्या स्कूटर निवृत्त झाल्या की सातपूरच्या एका कारखान्यात येत. तिथे रेहाना तांबोळी प्रत्येक गाडी आधी स्वतः चालवून पाही आणि शेरा देई: पास किंवा भंगार. पास झालेल्या गाडीला ती नवी बॅटरी आणि मागे जोडचाकं बसवी. मग ती गाडी अपंग माणसाला मिळे.

त्या सोमवारी चारशे सतरा नंबरची स्कूटर ताशी वीस किलोमीटरच्या वर जाईना. सहकारी भास्करने चालवली, तर पंचेचाळीसने पळाली. रेहानाने मोटर बदलली आणि पुन्हा बसली. आता वेग पंधरावर आला.

तिने कागदावर ‘भंगार’ लिहिलं. पण सही करण्याआधी या गाडीचा मेंदू घडवणाऱ्या डॉ. मृण्मयी केळशीकरांना बोलावलं.

मृण्मयीने गाडीला संगणक जोडला. “रेहानाताई, दोन चाकांवर माणूस खरं तर सारखा पडत असतो. हात बारीक हिसके देऊन त्याला सावरतात. अकरा हजार माणसांचे असे हिसके या गाडीने साठवलेत. आम्ही त्याला तोलस्मृती म्हणतो. प्रयोगादाखल पन्नासच गाड्यांत ती बसवली होती.”

“मग ही का अडते?”

मृण्मयी पडद्याकडे बघत राहिली. “तुमचा डावा हात उशिरा सावरतोय. सेकंदाचा दहावा भाग. गाडीला धोका वाटतो, म्हणून ती वेग धरत नाही.”

“अहो, अठ्ठावन्न वय झालं माझं!”

“वयाने दोन्ही हात मंदावतात, ताई. एकच नाही. डोक्याला कुठे लागलं होतं का?”

रेहानाने आठवून पाहिलं. “दीड महिन्यापूर्वी शटर लागलं. टेंगूळ आलं, बसलं.”

“चला. आत्ताच.”

इस्पितळातल्या तपासणीत दिसलं, कवटीच्या आत रक्त साचलं होतं आणि ते मेंदूला दाबत होतं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी कवटीला लहानसं छिद्र पाडून ते काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी नवरा लतीफ याने चहाचा पेला पुढे केला. रेहानाने तो मुद्दाम डाव्या हातात घेतला. थेंबही सांडला नाही. लतीफ स्टुलावर बसला आणि रुमालात तोंड घालून रडला.

दुपारी मृण्मयी भेटायला आली.

“तो कागद आणा,” रेहाना हसून म्हणाली. “पास करते तिला.”

मृण्मयी हसली नाही. “ताई, मी तिची जुनी नोंद काढली. ती दुसऱ्याच वर्षी रस्त्यावरून काढली होती. गाडी पळत नाही, अशा तक्रारी होत्या. एकतीस.”

“एकतीस वेळा अडली?”

“एकतीस माणसांना. प्रत्येकाचा एकच हात उशीर करत होता.”

रेहानाचा हात नकळत डोक्याच्या पट्टीवर गेला. “त्यांना कळवलंत?”

“कुणाला कळवू? गाडी निवृत्त होताना ती भाड्याने घेणाऱ्यांची नावं पुसावी लागतात, कायदाच आहे. हातांची नोंद उरली आहे, माणसं नाहीत.”

लतीफ चाचरत म्हणाला, “त्यांनी मग दुसरी गाडी घेतली असेल.”

“हो,” मृण्मयी म्हणाली. “पळणारी.”