आवाज बंद केल्यावर

ही हकीगत रचलेली नाही. ती ज्यांच्या बाबतीत घडली ते कमळाकरशास्त्री आयुष्यात एकदाच असत्य बोलले. आणि ते असत्यही या हकिगतीतच यावयाचे आहे.

वाचकाने रात्रीची वाट पाहू नये. हे घडले ते भर दुपारी.

शके एकोणीसशे पाच. मार्गशीर्ष महिना. स्थळ वाशी, पहिल्या सेक्टरातील समाजमंदिर. वसाहत अजून कोवळी होती. जिन्यांना चुन्याचा वास येई, आणि दोन इमारतींच्या मधून खाजणाची ओली जमीन दिसे. दादरच्या एका शाळेत हयातभर संस्कृत शिकवून शास्त्रीबुवा निवृत्त झाले होते आणि मुलासुनेबरोबर येथे राहावयास आले होते.

तेथल्या कलामंडळाने मराठी चित्रपटांतील उत्कृष्ट नायिकेला पुरस्कार द्यावयाचे ठरविले होते. परीक्षक दोघे. एक शास्त्रीबुवा, दुसरे मंडळाचे चिटणीस नंदकिशोर, महाप्याच्या एका कारखान्यात अधिकारी. नामांकन तीन नायिकांना मिळाले होते. दोघींचे चित्रपट आधीच पाहून झाले होते.

तिसरीचा त्या दुपारी पाहावयाचा होता.

तिचे नाव वैजयंती. तो तिचा पहिलाच चित्रपट. कथा साधी होती. नावाड्याची बायको, नवरा वादळात परत येत नाही, ओहोटी लागल्यावर ती हातात कंदील घेऊन चिखलातून त्याला शोधावयास निघते.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. बाजीराव नावाचा मूळ साताऱ्याकडचा मनुष्य यंत्र चालवीत होता. मागच्या भिंतीशी एक कोळीण मासळीची रिकामी पाटी घेऊन बसली होती. झाडलोटीस आलेली असेल, असे समजून शास्त्रीबुवांनी तिच्याकडे पाहिले नाही.

चित्रपट सुरू झाला.

शास्त्रीबुवांची परीक्षा कडक होती. अश्रू ते जमेस धरीत नसत. अश्रू कोणालाही आणता येतात, असे ते म्हणत. अंगावर उभा राहणारा काटा, उतरलेला वर्ण, अडखळलेला श्वास, हे ते पाहत. देह जे आपण होऊन करतो तोच अभिनय, ही त्यांची श्रद्धा होती.

त्या मुलीच्या मुखावर ते सारे होते.

शेवटचे रीळ संपले तेव्हा शास्त्रीबुवा नंदकिशोरांकडे वळले. मग म्हणाले, "नंदकिशोर, निर्णय झाला. मुख आणि वाणी यांचा असा मेळ मी रंगभूमीवरही पाहिलेला नाही."

मागून पाटी सरकल्याचा आवाज आला.

"मास्तर," कोळीण म्हणाली, "त्यो आवाज माजे पोरीचा नाय."

नंदकिशोर उठले. "जाईबाई, तुम्हाला गप बसायच्या अटीवर आत घेतलं होतं ना?"

"गपच व्हते. पन मास्तर खोट्यावर निकाल देतान. सांगू नको काय?"

शास्त्रीबुवा वळून बसले. "बाई, तुम्ही कोण?"

"दिवाळे गावची हाय मी. जाईबाई. ही पडद्यावरची पुतळा, माजी पोर. वैजंती तिला त्यांनी केली. हितं मासली इकाया येते, तवा या बाजीरावदादानं सांगितलं, तुज्या पोरीचं चित्र लागलंय म्हनून. म्हनलं, बगावं. तोंड तिचंच हाय वं. पन बोलते ती कोन?"

मग नंदकिशोरांना सांगावे लागले. खाडीवर चित्रीकरणास आलेल्या मंडळींनी पुतळेला तिच्या चेहऱ्यासाठी निवडले. तिचे बोलणे मात्र गावचे. तेव्हा आवाज पुढे दादरच्या एका बाईंकडून भरून घेतला.

"अहो, सगळेच करतात, शास्त्रीबुवा. टेन्शन घेऊ नका. नियमात कुठं लिहिलंय?"

"मुख एकीचे आणि वाणी दुसरीची. मग पुरस्कार कोणाला द्यावयाचा? अर्धा-अर्धा?" शास्त्रीबुवांनी उपरणे सावरले. "त्या मुलीला येथे बोलवा. तिच्या वाणीतून एक प्रवेश ऐकतो."



बाजीरावाने मान खाली घातली.

"शास्त्रीबुवा, ती नाहीये आता," नंदकिशोर हलक्या आवाजात म्हणाले. "पावसाळ्यात होडी उलटली. तुम्हाला मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं, दयेनं निकाल नको."

"मिलाली बी नाय," जाईबाई म्हणाली. "खाडीनं परत दिली नाय. यांचा फोटू तेवढा मिलाला, हलनारा. आवाज कोनी ठेवलाच नाय." मग शास्त्रीबुवांकडे पाहून तिने विचारले, "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. कुटं तरी ठेवला असंल का वं?"

शास्त्रीबुवांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिले.

मनुष्य न्यायी होता. त्यांनी विचार केला आणि ठरविले, की जे त्या मुलीचे नाही ते बाजूस काढावे आणि जे तिचे आहे तेवढेच तोलावे.

"बाजीराव, शेवटचे रीळ पुन्हा लावा. आवाज बंद करून."

एवढेच ते म्हणाले. पुढे त्यांना नेहमी वाटे की, हे शेवटचे तीन शब्द आपण उच्चारावयास नको होते.

यंत्र सुरू झाले. त्याची टकटक तेवढी ऐकू येत होती. पडद्यावर ओहोटीचा चिखल, तिन्हीसांजा, आणि कंदील घेऊन येणारी ती. तिचे ओठ हलू लागले.

टकटक... टकटक...

आणि मग...

"धनी..."

शास्त्रीबुवा दचकले. "बाजीराव, आवाज बंद करण्यास सांगितले होते."

"बंदच हाय की, साहेब. बटण बघा हवं तर."

आवाज जाडसर होता, किंचित घोगरा. दादरच्या बाईंचा नव्हे. खारा वारा लागून लागून भरड झालेला. तो पडद्याकडून येत नव्हता. कर्ण्यातूनही येत नव्हता. कोठून येतो हे सांगता येत नव्हते. पडद्यावरचे ओठ आणि तो आवाज मात्र एकजीव होते. "धनी, पानी उतारलंय. आता तरी या. कंदील आनलाय मी."

शास्त्रीबुवांच्या अंगावर काटा आला.

भयाने नव्हे. भय अजून यावयाचे होते. तो काटा आनंदाचा होता. जन्मभर ज्या अभिनयाची लक्षणे त्यांनी मुलांकडून घोकून घेतली, तो प्रत्यक्ष त्यांच्या कानी पडत होता.

"ऐकता ना तुम्ही?" त्यांनी कुजबुजत विचारले.

"काय ऐकायचं?" नंदकिशोर म्हणाले.

जाईबाई खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. "पोर बोलते का? मास्तर, तुमाला आयकाया येते? माजी पुतळा बोलते?"

"बोलते आहे, बाई."

"मना का नाय येत?" तिने दोन्ही कान पदराने पुसले. वाट पाहिली. पुन्हा पुसले. "मना का नाय येत वं?"

शास्त्रीबुवांना संशय आला, की आपणच ओठांवरून शब्द रचीत आहोत. खरे-खोटे करण्याचा एकच मार्ग होता. ओठ दिसावयास नकोत.

"बाजीराव, यंत्र चालू ठेवा. भिंगापुढे पुठ्ठा धरा."

पुठ्ठा आला. पडदा काळा झाला.

घोंगड्यांमुळे खोलीत एवढासाही उजेड राहिला नाही.

टकटक... टकटक...

शब्द नाही. श्वास नाही.

शास्त्रीबुवांनी मनाशी म्हटले, भ्रम होता. त्यांना हायसे वाटले आणि त्याच वेळी फार मोठे काही हरवल्यासारखेही वाटले.

मग ओल्या चिखलाचा वास आला.

आणि अगदी कानाशी...

"आये... कंदील कोनी इजवला?"

हे चित्रपटातले वाक्य नव्हते.

"आये गो, मना कायच दिसत नाय."

"पुठ्ठा काढा," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांचा स्वर त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "बाजीराव, आधी तो पुठ्ठा काढा."

पुठ्ठा निघाला. पडदा उजळला. ओहोटीचा चिखल होता. तिन्हीसांजा होत्या. दूर उलटी पडलेली होडी होती.

ती नव्हती.

कंदीलही नव्हता.

रिकाम्या चिखलावरून रीळ पुढे सरकत होते.

"ती कोठे गेली?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"ती काय, समोर," नंदकिशोर म्हणाले. "शास्त्रीबुवा, पाणी आणू का? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

जाईबाई मात्र पडद्याकडे पाहून हसत होती. तिचे डोळे वाहत होते. "उबी हाय नव्हं. बगा, किती जवल आली. कंदील बगा कसा धरलाय. मीच शिकवला तिला, वाऱ्याला पाठ करून धरायचा."

शास्त्रीबुवांना चिखलाखेरीज काही दिसले नाही.

आईच्या वाट्याला मुख आले. शास्त्रीबुवांच्या वाट्याला वाणी आली. त्यांनीच तसे वेगळे करावयास सांगितले होते.

त्यांनी निकाल दिला नाही. जे दुसऱ्या कोणास ऐकू येत नाही त्याला गुण कसे द्यावे, एवढेच ते नंदकिशोरांना म्हणाले. पुरस्कार दुसऱ्या नायिकेला गेला. समारंभ थाटाने झाला. शास्त्रीबुवा गेले नाहीत.

कारण आवाज त्यांच्याबरोबर घरी आला होता.

रोज नव्हे. दिवस कलला की, आणि भोवती कोणी बोलत नसले की. सून चारुलता देवापुढे दिवा लावावयास उठे, घरात क्षणभर शांतता होई... आणि कानाशी तोच प्रश्न येई. आये, कंदील कोनी इजवला?

पुतळा शास्त्रीबुवांना कधीच हाक मारीत नसे. तिला ते तेथे आहेत हे ठाऊकही नसावे. ती आईला विचारीत असे, आणि ऐकू त्यांना येत असे.

दुसऱ्याचा निरोप आपल्यापाशी ठेवणे त्यांना अधर्म वाटला. ते बसने दिवाळ्यास गेले. सुकत घातलेल्या मासळीच्या वासाने जीव घाबरा झाला, तरी नाकास उपरणे लावले नाही. जाईबाईला त्यांनी शब्द न् शब्द सांगितला.

ती रडली नाही. तिने घरातून कंदील आणला, काच पदराने पुसली आणि बंदरावरच्या खांबाला टांगला. "एवढंच व्हय? मंग सांगाचा व्हता की आदी."

त्या संध्याकाळी वाशीत आवाज आला नाही.

दुसऱ्याही दिवशी नाही. शास्त्रीबुवांनी देवापुढे नारळ ठेवला.

मग पुन्हा आला. शब्द मात्र बदलले होते. "आये, उजेड दिसते. पन जवल येत नाय. कवाची चालते मी."

शास्त्रीबुवा पुन्हा दिवाळ्यास गेले. जाईबाईने कंदिलाची वात मोठी केली. मग दुसरा कंदील टांगला. थंडीत आणि पावसात ती दिवेलागणीला बंदरावर उभी राही. पोटाला चिमटा घेऊन रॉकेल आणी. शास्त्रीबुवा महिन्या-पंधरवड्याने जात, आणि प्रत्येक वेळी ती एकच विचारी.

"पोचली का, मास्तर?"

आणि ते खरे तेच सांगत. "अजून नाही, बाई."

अशी तीन वर्षे गेली. जाईबाईला दमा जडला. ओल्या वाऱ्यात ती बसून बसून श्वास घेई. शेजारणी शास्त्रीबुवांवर चिडू लागल्या. "म्हातारा येते नि हिला जाळते," असे एक जण त्यांच्या तोंडावर म्हणाली. त्यांनी ते मान्य केले.

मग एका हिवाळी दिवेलागणीला जाईबाई खांबाला धरून उभी होती. तिला बोलवत नव्हते. तिने नुसते डोळ्यांनी विचारले.

शास्त्रीबुवांनी खाडीकडे पाहिले. भरतीचे पाणी चढत होते. आदल्याच संध्याकाळी त्यांच्या कानाशी शब्द आले होते, "आये, पाय नाय उचलत. कंदील नको नेऊ."

ते म्हणाले, "पोचली, बाई."

"खरं?"

"खरे. म्हणाली, आये, दिसला कंदील. आता बरी हाय."

जाईबाई खाली बसली. कितीतरी वेळाने तिचा श्वास मोकळा झाला. तिने शास्त्रीबुवांच्या पायांवर डोके ठेवले. मग उठली, खांबाशी गेली आणि काच वर सरकवून, आता गरज उरली नाही म्हणून, एक कंदील विझविला.

मग दुसरा.

शास्त्रीबुवांचा हात पुढे झाला होता. तो तसाच राहिला. काय सांगून थांबविणार?

अंधारात पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता.

"आये... कंदील कोनी इजवला?"

जाईबाई त्यांच्या शेजारी समाधानाने बसली होती. तिला काहीच ऐकू आले नाही.

ती त्याच हिवाळ्यात गेली. निजेत गेली, सुखाने गेली, असे बाजीरावाने येऊन सांगितले. शास्त्रीबुवांनी स्नान केले आणि मनाशी म्हटले, आता तरी मायलेकींची गाठ पडली असेल. दिवेलागणीपर्यंत ते तसेच ओल्या पंच्याने बसून राहिले.

"आये... कुटं हाईस?"

त्यांनी गॅलरीत कंदील टांगला, खाडीच्या बाजूला. तो अजून टांगलेला आहे. पण ती त्यांचा कंदील शोधीत नव्हती.

पुढे वयाने त्यांचे कान जाऊ लागले. प्रथम पाखरे गेली. मग पुलावरच्या गाड्या. मग नातवंडे. इसवी सन एकोणीसशे एकोणनव्वद उजाडले तेव्हा सारेच गेले होते. आता चारुलता समोर येऊन बोलते आणि ते पाहत राहतात. ओठ हलतात, मुख हसते, भुवया वर जातात, आवाज नाही. त्या दुपारी त्यांनी बाजीरावाला सांगितले होते, अगदी तसे.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की दोन्ही कान पूर्ण गेले आहेत. यांना काही म्हणजे काही ऐकू येणे शक्य नाही.

चारुलतेने ते मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून दाखविले. शास्त्रीबुवांनी वाचले आणि मान हलविली.

बाहेर दिवस कलत होता. ती दिवा लावावयास उठली...

त्यांनी डोळे मिटून घेतले. कान मिटण्याची सोय त्यांना आता उरली नव्हती.