सेवा कशी वाटली?

"मेनू मिळेल का... कृपया?"

लोआनमावशीच्या दुकानात सगळ्यांच्या जेवायच्या काड्या एकदम थांबल्या. रोज त्याच भिंतीला टेकून खाणाऱ्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बाओकाकांनी तर वाडग्यातून तोंड वर काढलं.

फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर एक तरुण बसला होता. पांढराशुभ्र शर्ट, काळी पँट, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. आणि त्याने कागदी रुमाल उलगडून मांडीवर पसरला होता – मांडीवर!

"आई," लोआनमावशीच्या लेकीने, दिएपने, पातेल्याकडे बघत हाक दिली, "साहेबांना मेनू हवाय."

"मग वाचून दाखव की!" आई रस्सा ढवळता ढवळता म्हणाली.

दिएप कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "ऐक. एक पातेलं आहे. त्यात खेकड्याचा रस्सा आहे. रश्शात तांदळाच्या शेवया पडतात. झाला मेनू! खायचं तर खा, नाहीतर स्टूल सोड. आणि तो रुमाल उचल, इथे काय तुझं लग्न लागतंय?"

सगळं दुकान हसलं. तोही हसला... पण कसं? आधी थोडं घाबरून, मग खूप दिवसांनी कुणी घट्ट बूट काढून द्यावेत तसं, मोकळं.

हनोईत अशी दुकानं मोजकीच उरली आहेत. लोक लांबून येतात ते रश्शासाठी, आणि थोडी बोलणी खायलाही. लोआनमावशी तीस वर्षं ओरडत आली होती. आता तिचा घसा बसला, म्हणून ते काम दिएपकडे आलं. प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाची बोलणी ठरलेली. बाओकाकांना जेवता जेवता डुलकी लागते म्हणून, समोरच्या शिंपिणीला ती मिरच्या जास्त घेते म्हणून. एखाद्या दिवशी बोलणी पडली नाहीत तर माणूस विचारायचा, "काय गं, रागावलीस का?"

पांढऱ्या शर्टवाला दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. त्याचं नाव तोआन. तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात तो वेटर होता. पहाटे पाचला नाश्त्याची पाळी सुरू व्हायची, साडेदहाला सुटायची.

"पाच तास हसायचं," एकदा त्याने सांगितलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, इथे फेब्रुवारीत पडतो तसा – दिसत नाही, पण केस ओले करतो. गर्दी कमी होती. "पाहुण्याने अंडं तीनदा परत पाठवलं तरी हसायचं. पाळी सुटली की गाल दुखतात."

"म्हणून इथे येतोस? गालांना विश्रांती?"

"हो. इथे मला कुणी हसायला सांगत नाही."

"मग आता का हसतोयस?"

त्याचे कान लाल झाले. दिएप उगीचच रश्शात घालायच्या पाल्याची टोपली सारखी करत बसली...

मग तो तिला हॉटेलातल्या गोष्टी सांगू लागला. एकदा त्याने वाढदिवसाचा केक चुकीच्या टेबलावर नेला. मेणबत्त्या, टाळ्या, गाणं, सगळं झालं, आणि मग कळलं की ते जोडपं तिथे काडीमोडाचं बोलायला बसलं होतं.

"मग?" दिएपने डाव हवेतच धरला होता.

"मग काय... त्यांनी केक खाल्ला. सगळा. मला मॅनेजरने आठवडाभर भांडी पुसायला लावली."

"आणि कधी काही बरं केलंस का, की नुसता गोंधळ?"

"एक आजी यायच्या. एकट्याच. पण नाश्ता दोघांचा मागवायच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, दुसरे पाहुणे कधी येणार? त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मी दोन ताटं मांडली, दोन्ही पेले भरले. काही विचारलं नाही. जाताना त्यांनी माझा हात थोपटला." तो वाडग्यात बघत होता. "बस, एवढंच."

दिएपने त्याच्या वाडग्यात रश्शाचा आणखी एक डाव ओतला. "खा लवकर! शेवया फुगतायत. गोष्टी सांगायला येतो का जेवायला?"

पण आवाज नेहमीसारखा चढला नव्हता. आईने पातेल्याआडून एकदा वर बघितलं, आणि पुन्हा खाली.

त्याने तिला हॉटेलातलं एक छापील कार्डही दाखवलं होतं. पाहुण्यांनी जाताना भरायचं. सेवा कशी वाटली? कर्मचारी नम्र होते का? काही तक्रार? आणि शेवटी – पुन्हा याल का?

"आमच्याकडे हे ठेवलं," दिएप म्हणाली, "तर तक्रारीलाच चार पानं लागतील."

असे तीन महिने गेले.

मग एका सोमवारी तो उशिरा आला. बसला, पण काड्या हातात घेतल्या नाहीत.

"हॉटेलवाले पार दक्षिणेला, फू क्वोक बेटावर नवीन हॉटेल उघडतायत," तो म्हणाला. "तिथल्या भोजनगृहाचा प्रमुख म्हणून मला विचारलंय. तीन वर्षांसाठी. गुरुवारी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायचंय."

"अरे वा!" बाओकाका म्हणाले. "आता खरा साहेब झालास!"

तोआन मात्र दिएपकडे बघत होता. वाट बघत होता. तिच्या जिभेवर दहा वाक्यं आली... तुला कोण प्रमुख करणार, केक कुठे न्यायचा ते कळत नाही तुला... पण एकही बाहेर पडेना. ओरडायला गेले तर आवाज फुटेल, अशी तिला भीती वाटली. आणि हा समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात जायला निघालेला माणूस – त्याला फुटपाथवरच्या बाईने काय म्हणून अडवायचं? काय हक्काने?

तिने वाडगा उचलला, दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला, अनोळखी पाहुण्याला द्यावा तसा.

"अभिनंदन," ती म्हणाली. "सावकाश जेवा. आणखी रस्सा हवा असेल तर सांगा हं."

तोआनचा चेहरा पडला.

मंगळवारी तसंच. बुधवारीही तसंच. स्टूल पुसून देणं, दोन्ही हातांनी वाडगा, लिंबाची फोड न मागता. बाओकाका अस्वस्थ झाले. "मावशी, पोरगी आजारी आहे का?"

"आजारीच आहे," लोआनमावशी बसक्या आवाजात म्हणाली. "पण औषध माझ्याकडे नाही."

बुधवारी उठताना तोआन हळूच म्हणाला, "आम्हीही असंच बोलतो. ज्या पाहुण्याचं नाव उद्या लक्षात ठेवायचं नसतं... त्याच्याशी."

दिएपने मान खाली घातली. वर बघितलं तोवर तो गेलाही होता.

गुरुवारी तो सव्वाअकराला आला. शेवया संपवल्या. रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, काड्या वाडग्यावर नीट आडव्या ठेवल्या, लोआनमावशीला वाकून नमस्कार केला. दिएपकडे त्याने नीट बघितलंच नाही. भुरभुर पावसात, डोक्यावर काही न घेता, तो रस्त्याकडे वळला.

दिएपने वाडगा उचलला. खाली ते कार्ड होतं. हॉटेलचं. सुबक अक्षरात भरलेलं.

सेवा कशी वाटली? – उत्तम.
कर्मचारी नम्र होते का? – अतिशय.
काही तक्रार? – नाही.
पुन्हा याल का? –

पुढची जागा कोरी होती.

तिने ते दोनदा वाचलं.

"ए तोआन!"

अख्खी गल्ली वळली. तो रस्त्याच्या मधोमध होता, दोन्ही बाजूंनी स्कूटरी जात होत्या. दिएप हातात डाव घेऊन तशीच धावली.

"अतिशय नम्र? मी? खोटारड्या! वर उत्तम म्हणे! दिसत नव्हतं का तुला? तीन दिवस माझा घसा दुखतोय, न ओरडून! जायचं तर जा त्या बेटावर, पण निदान माझी बोलणी खाऊन जा! मी चांगली वागले असं लिहून ठेवून जायचं नाही!"

एक स्कूटरवाला थांबला. त्याच्यामागे दुसरा. कुणी भोंगा वाजवला नाही.

"आणि हे," तिने कार्ड त्याच्या नाकासमोर नाचवलं, "शेवटचा प्रश्न कोरा का ठेवलास? येत नाही तुला लिहिता?"

"मला उत्तर माहीत नव्हतं," तोआन म्हणाला. "ते तुझ्याकडे होतं."

"माझ्याकडे?... मग विचारायचं होतंस, मठ्ठा!"

"तू मला अहोजाहो करत होतीस. विचारणार कुणाला?"

पाऊस तिच्या पापण्यांवर बसला होता. पाऊसच असावा. ती आता ओरडत नव्हती.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "म्हणजे... तुला जायचंच असेल तर... पण मला नको वाटतंय तू गेलेलं. रोज साडेदहा झाले की मी रस्त्याकडे बघते. रश्शात मीठ दोनदा पडतं."

"दोनदा पडतं ते खरं आहे," तो म्हणाला. "मी बोललो नाही कधी."

"काय म्हणालास?"

तो हसला. मग खिशातून फोन काढला. बाराला वीस मिनिटं होती. त्याने पाठ ताठ केली आणि तो दिएपने कधी न ऐकलेल्या मऊ, गुळगुळीत आवाजात बोलू लागला. "नमस्कार सर. आपण मला या संधीसाठी योग्य समजलात, याबद्दल मनापासून आभारी आहे. परंतु अत्यंत खेदाने..."

दिएप ऐकत राहिली. इतक्या गोड बोलण्यात त्याने दार किती घट्ट लावून घेतलं! तीन दिवस आपलाही आवाज असाच लागत असेल का याला?... तिने नकळत त्याची ओली बाही धरली.

फोन ठेवून त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, तिच्या हातातलं कार्ड घेतलं, आणि तिच्याच खांद्यावर टेकवून कोऱ्या जागेत एक शब्द लिहिला. ओल्या कागदावर शाई पसरली, तरी वाचता येत होतं.

रोज.

"अगं ए!" गल्लीच्या तोंडाशी लोआनमावशी उभी होती. बसलेल्या घशातून तिने कसाबसा जुना आवाज काढला. "डाव कुठे नेलास? माणसं उपाशी बसलीत! आणि तू रे, पांढऱ्या शर्टवाल्या, नुसता उभा काय राहिलास? ये, पाल्याच्या जुड्या सोड!"

तोआनने बाह्या दुमडल्या. आणि दिएपच्या मागोमाग, बोलणी खात खात, आत गेला.