वजन आल्यावर आवळायचं

"तुमची मागून फार झुकते हो."

हे वाक्य एका अनोळखी पुरुषानं मला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये ऐकवलं. तेही सकाळी सकाळी, चार लोकांच्या देखत. मी पर्स खांद्यावर घट्ट केली आणि गर्रकन वळले.

"काय म्हणालात?"

"गाडी!" तो घाईघाईनं म्हणाला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता बिचारा. "गाडी म्हणतोय मी. मघाशी चौकातल्या वळणावर तुमच्या मागेच होतो. तुम्ही वळलात डावीकडे आणि गाडी कलली उजवीकडे... जरा जास्तच. मागचा स्वे बार बारीक आहे तिचा. म्हणून म्हटलं."

"रोज असं लोकांच्या मागे मागे फिरता का तुम्ही?"

"आज पहिल्यांदाच." तो अडखळला. "म्हणजे... गाड्यांच्या मागे रोजच असतो. गाड्यांच्या खालीसुद्धा. गॅरेज आहे माझं, पुलापलीकडे. तुमच्या मोठ्या डॉक्टरांची गाडी परत द्यायला आलो होतो."

मला हसू येत होतं, पण मी ते गिळलं. कारण त्याच्या बोलण्यातला एक शब्द मला कुठेतरी लागला होता. स्वे बार. हा शब्द आमच्या घरात दोन वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

"आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "जाड. नवाकोरा. पलंगाखाली."

तो काही बोलायच्या आत मी लिफ्टमध्ये शिरले. आपण हे का सांगितलं, हे मला तिसऱ्या मजल्यापर्यंत कळलं नाही.

माझा नवरा गाडीवेडा होता. स्वे बार म्हणजे काय हे त्यानं आम्हाला जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं. दोन बश्या उभ्या धरायला लावल्या, एक मला आणि एक आईंना, आणि मधे चमचा आडवा धरला. "ही मागची दोन चाकं. आणि ही त्यांना जोडणारी सळई. सळई जितकी जाड, तितकी गाडी वळणावर कमी झुकणार." त्यावर आई म्हणाल्या, "मग चमचा कशाला घेतलास? डाव घे की." तो इतका हसला, इतका हसला, की बशी फुटली. दुसऱ्याच दिवशी त्यानं जाड बार मागवला.

मग साधा ताप आला. साधाच वाटला होता. आठवड्यात तो गेला... आणि पार्सल त्यानंतर आलं. दारात सही मी केली आणि खोका पलंगाखाली सरकवून दिला.

घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि आई. त्याची आई. 'सासूबाई' म्हणायची सवय मला कधी लागली नाही आणि त्यांनाही ते कधी आवडलं नसतं. पूर्वी त्या गाडीत त्याच्या शेजारी बसायच्या, वळण आलं की वरचं हँडल दोन्ही हातांनी धरायच्या आणि त्याला रागे भरायच्या. तो गेल्यापासून त्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. सगळीकडे चालत जायच्या. "गुडघे मोकळे होतात," म्हणायच्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे कशानं मोकळे होतात ते मला चांगलं कळतं. पण मी गप्प बसायचे, आणि त्यांना एकटं सोडून मीही कुठे जात नसे. हॉस्पिटल आणि घर, घर आणि हॉस्पिटल.

त्या संध्याकाळी पार्किंगमधला किस्सा मी आईंना सांगितला. त्या पोट धरून हसल्या.

"आणि तू काय म्हणालीस त्याला?"

"अहो, काय म्हणणार? पळालेच मी."

"बरा आहे की तुझा झुकतेवाला," त्या डोळे पुसत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी झाडताना त्यांचा झाडू खोक्यावर आपटला, तेव्हा खाली वाकूनच म्हणाल्या, "लावून टाक गं हा. दर वेळी ठेच लागते मला."

गॅरेज छोटंसं होतं. गाडी उचलणारी एक लिफ्ट, एक पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने. ग्रीसचा आणि रबराचा वास. त्यानं हात पुसले, खोका उघडला आणि तो लाल बार दोन्ही हातांनी उचलून स्वच्छ फडक्यावर ठेवला.

"इतका चांगला माल पलंगाखाली?"

मी सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण बश्या, चमचा, डाव, सगळंच सांगून गेले. त्यानं 'अरेरे' म्हटलं नाही. बाराच्या टोकावरून बोट फिरवलं.

"याला टोकाशी दोन भोकं आहेत," मग तो हळूच म्हणाला. "बाहेरच्या भोकात लावला तर मऊ, आतल्या भोकात कडक. कडक लावला तर कोरड्या रस्त्यावर मजा येते, पण रस्ता ओला असला की मागचा भाग सटकू शकतो. कुठल्या भोकात लावू?"

"त्याला... कडकच हवा असणार."

"गाडी आता कोण चालवतं?"

"मी."

"मग तुम्हाला काय हवंय?"

गेल्या दोन वर्षांत मला लोकांनी खूप काही विचारलं होतं. कशी आहेस, कसं निभावतेस, पुढे काय ठरवलंयस... पण तुला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मऊ," मी म्हणाले. "मला पावसातही घरी पोचायचं असतं."

जुना बार काढताना गंजलेला बोल्ट मोडला, त्याच्याबरोबर बार धरून ठेवणारा ब्रॅकेटही गेला. नवा मागवावा लागणार होता. तोवर गाडी गॅरेजमध्येच राहणार. "चूक माझ्या हातून झाली," तो म्हणाला, "तर सकाळी हॉस्पिटलला मी सोडतो." चूक खरं तर गंजाची होती, पण मी ते काही बोलले नाही.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे एक खटारा होती. पहिल्याच वळणावर ती अशी काही कलली, की मी जवळजवळ त्याच्या खांद्यावर जाऊन आदळले.

"ही काय तऱ्हा? दिव्याखाली अंधार!"

"सगळ्याच गाड्या सुधारायच्या नसतात," तो सरळ समोर बघत म्हणाला. कानांच्या पाळ्या मात्र पुन्हा लाल.

दुसऱ्या दिवसापासून तो वळणं हळू घ्यायला लागला. इतकी हळू, की मागचे लोक हॉर्न वाजवायचे. मला धक्का बसू नये म्हणून घेत होता की ते वळण संपू नये म्हणून... मी विचारलं नाही. काचेवर पावसाचे थेंब आडवे सरकत असायचे, वायपर करकरायचा, आणि मी घरापासून हॉस्पिटलपर्यंत इतकं बोलायचे की माझा घसा दुखायचा. संध्याकाळी घरी आले की आई दार उघडायच्या. मागे भिंतीवर माझ्या नवऱ्याचा फोटो. मग दिवसभराचं हसू माझ्या तोंडातच कडू व्हायचं.

ब्रॅकेट आला त्या दिवशी पाऊस पत्र्यावर ताशासारखा वाजत होता. गाडी लिफ्टवर उंच होती, लाल बार जागेवर बसला होता, आणि तो खाली उभा राहून नट हातानं फिरवत होता.

"तुला एक विचारू?"

'तुला' निसटलं त्याच्या तोंडून. दोघांनाही ऐकू आलं. पावसालासुद्धा ऐकू आलं असावं, एक क्षण थांबल्यासारखा वाटला.

"मला तू आवडतेस," तो पान्याकडे बघत म्हणाला. "खूप. पार्किंगपासूनच. माझ्याबरोबर... राहशील? कायमची?"

माझं काळीज 'हो' म्हणालं. अगदी स्पष्ट. पण तोंडातून दुसरंच आलं.

"घरी आई आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा गेलाय हो. माझ्याशिवाय त्यांना कुणी नाही. संध्याकाळी दार उघडणाऱ्या त्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू, की मला दुसरं कुणी आवडायला लागलंय? त्या एका शब्दानं अडवणार नाहीत मला. पण आतून मोडतील. आणि त्यांना मोडून मला काहीच नकोय... तुम्हीसुद्धा नको."

शेवटचे शब्द बोलताना मी तोंड फिरवलं. तो जवळ आला नाही. त्यानं पाना खाली ठेवला.

"गाडी हवेत असताना मी शेवटचा नट आवळत नाही," तो म्हणाला. "बारावरचं रबर पिळलेलं राहतं, मग लवकर फाटतं. गाडी खाली येऊ द्यायची, चाकांवर वजन येऊ द्यायचं, मग आवळायचं. मी थांबेन. नाहीच आलं वजन, तरी गाडी तेवढी नीट करून देईन."

घरी आईंना मी एवढंच सांगितलं, की रविवारी गाडी मिळेल, एक नट राहिलाय, मागच्या सीटवर वजन ठेवून आवळावा लागतो, वाळूची पोती ठेवणार आहेत.

"पोती कशाला?" आई म्हणाल्या. "मी आहे की."

त्यांनी चपला शोधायला सुरुवातही केली होती, रविवार दोन दिवसांवर असताना.

रविवारी गाडी पिटवर उभी होती, चारही चाकांवर. तो खाली खड्ड्यात होता, फक्त दिव्याचा उजेड दिसत होता. आई गाडीपाशी गेल्या. सवयीनं त्यांचा हात पुढच्या दाराकडे गेला, तिथे थांबला... आणि मग त्यांनी मागचं दार उघडलं. आत बसल्या. गाडी जराशी दबली. त्यांनी सीटवरून एकदा तळवा फिरवला, जसा झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतात. मी दारापाशी उभी होते.

"अहो झुकतेवाले," आईंनी गाडीच्या तळाकडे बघून हाक मारली. "आलं का वजन?"

"आलं, आई," खालून आवाज आला.

"पुरेसं आहे?"

"पुरेसं आहे."

"माझ्या मुलाची गाडी आहे ही."

"माहीत आहे, आई."

आईंनी सीटचं कापड चापून सरळ केलं. "त्यानं हौसेनं मागवलेला बार. तसाच राहिला. आणि मी काय केलं? मी गाडीत बसले नाही, म्हणून ही पोरही कुठे गेली नाही. दोन वर्षं दोघी एकमेकींना धरून बसलो. महिनाभर आमच्या घरात बोल्ट आणि ब्रॅकेटशिवाय विषय नाही. सकाळी हिचं हसू जिन्यातच ऐकू यायला लागतं, आणि संध्याकाळी दारात आली की विझतं... माझं तोंड बघून. मी म्हातारी आहे, आंधळी नाही." त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "आता बसलेय मी. आवळा. आणि नुसत्या नटाचं म्हणत नाहीये मी."

खाली पाना पडला. खणकन.

मी रडायला लागले, अगदी लहान मुलीसारखी. "आई, तुम्हाला सोडून मी कुठेही..."

"सोडायला कोण सांगतंय? मी तुमच्याकडेच राहणार, आणि त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवणार. दिवसभर लोकांना काय सांगतेस गं? पायावर वजन टाका, पडत नाही तुम्ही. मग आता स्वतः टाक की!"

खालून नट आवळल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, आणि मग एक शेवटचा, लांब, घट्ट.

गाडी मी बाहेर काढली. तो शेजारी बसला, ग्रीसचे हात मांडीवर उताणे ठेवून. आईंनी पुढे यायला साफ नकार दिला. पाऊस नुकताच थांबला होता, रस्ता ओला होता. चौकातलं वळण आलं तसं आरशात मला दिसलं, आईंचे दोन्ही हात वरच्या हँडलकडे गेले, डोळे मिटले, अंग कलायच्या तयारीत.

गाडी वळली. अलगद. सरळच्या सरळ.

आईंनी डोळे उघडले. "झुकली नाही गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "चमच्याचा डाव केला शेवटी माझ्या पोरानं." आणि मग त्या रडल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर. मी गाडी कडेला घ्यायला लागले, तर म्हणाल्या, "थांबू नकोस. चालव."

मी चालवत राहिले. बरंच पुढे गेल्यावर म्हणाले, "अहो..."

"हं?"

"तू त्या दिवशी विचारलं होतंस ना... त्याचं उत्तर राहिलं होतं. हो."

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. पण कान मला दिसत होते.

"आधी अहो, मग तू," मागून रडवेला, हसरा आवाज आला. "एक काहीतरी ठरव बाई."

"ठरवलंय, आई."

पुढच्या वळणावर मी आरशात पाहिलं. आईंचे हात मांडीवर होते. त्यांनी हँडल धरलं नव्हतं.