सत्तुराची धार

लाईट काही इतक्यात येत नाही. ते मोबाईल ठेवा बघू खाली, त्या उजेडात तुमची तोंडं हिरवी दिसतात. मघापासून तुमचं चाललंय, मामा, चायनीज मागवू या, नूडल्स मागवू या. मागवा की! मी कुठे नाही म्हणतोय? फक्त मला त्यातलं काही नको. का नको, ते विचारलंत म्हणून सांगतो. आणि धाकटे, तू मध्येच उठून पळायचं नाहीस. जिन्यात अंधार आहे.

माझा एक दोस्त आहे, धारवाला. सायकलला दगड बसवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरतो. माणूस इतका सरळ की खोटं बोलायला गेला तर आधी कान लाल होतात. ही गोष्ट त्यानंच मला सांगितली, आणि सांगताना मी त्याच्या कानांकडेच बघत होतो. नाही झाले लाल.

गेल्या वर्षीची गोष्ट. जानेवारीतला दुसरा शनिवार, रात्री अकरा वाजून गेलेले. त्याचा धाकटा भाऊ एका चायनीज बारमध्ये नुकताच आचारी म्हणून लागला होता. तुम्ही जाता तसलंच ठिकाण. दारात लाल कागदी कंदील, आत गोल टेबलं, त्यांवर सोया सॉसच्या चिकट बाटल्या. पुढे दारू, मागे भटारखाना. भावाचा फोन आला होता, ‘दादा, सत्तुराला धार लावून दे.’ दिवसभर सत्तूर कामात, म्हणून शेवटची ऑर्डर गेल्यावरच मोकळा व्हायचा. दोस्त सायकल घेऊन मागच्या दारी गेला.

तिथल्या दिव्याखाली त्यानं भावाचं तोंड बघितलं. गाल टम्म सुजलेला.

‘कुणी मारलं?’

‘मालकांनी. धारेवरून. दादा, मी रोज रात्री सत्तूर घासून ठेवतो आणि सकाळी बघावं तर बोथट. मालक म्हणतात, मी हाडं फोडतो. आज म्हणाले, उद्या धार दिसली नाही तर तुझ्या बोटांवर लावीन.’

दोस्तानं पातं उजेडात धरलं, नख फिरवलं. ‘हाडानं धार मुडपते रे. ही तुटलीय. दगड फोडतोस का ह्यानं?’

‘आईशप्पथ नाही! कोबी आणि गाजरं कापतो.’

पात्याच्या दातऱ्यांत पांढरी भुकटी अडकली होती. सिमेंटची असावी तशी.

पण दोस्ताला भुकटीशी काय घेणं? त्याला तो गाल दिसत होता. आईबाप गेल्यावर ह्या पोराला त्यानंच वाढवलं, आणि कधी बोट लावलं नव्हतं. म्हणाला, ‘कपडे भर. आत्ताच्या आत्ता घरी चलायचं. पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही.’ तरी हातातलं काम अर्धं टाकणं त्याला जमत नाही, काय करता! त्यानं धार लावली. कागद टेकवला की दोन तुकडे. भावानं सत्तूर आत नेला. खाटकाकडे असतो तसा जाड लाकडी ओंडका होता मधोमध, त्यावर ठेवला. दिवा बंद केला, मागच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि बाहेरच कपडे पिशवीत भरायला बसला.

आणि आतून आवाज आला.

टक... टक.

दोघं एकमेकांकडे बघतात तोच बाजूच्या बोळातून म्हातारा वेटर आला. हातात रिकामा ट्रे. ह्या दोघांना बाहेर बघितलं आणि ट्रे खाली पडला.

‘तुम्ही इथं... मग आत कोण?’

‘कुणी नाही. का?’

‘ही वस्तादची टकटक आहे.’ वस्ताद म्हणजे आधीचा आचारी. ‘त्याला बेल आवडायची नाही. डिश तयार झाली की सत्तुराची पाठ ओंडक्यावर दोनदा आपटायचा. मी लगेच उचलायला यायचो.’

‘गेला कुठे तो?’

‘मालक म्हणतात, पळून गेला.’ वेटरनं दाराशेजारच्या नळाकडे बोट दाखवलं. तिथे चामड्याच्या जुन्या चपला होत्या. ‘अनवाणी पळाला म्हणायचं. आदल्या रात्री भर गिऱ्हाइकांत त्यानं मालकांना उलट उत्तर दिलं होतं. सकाळी मी आलो तर ओंडक्याखाली नवी फरशी... मला काही माहीत नाही, बाबा. मी वेटर आहे.’

टक... टक.

पुढे गोल टेबलाशी मालक दोन मित्रांबरोबर पीत बसला होता. त्यानंही ऐकलं. बाटली हातात घेऊनच तो बोळातून आला. अंगानं आडदांड, डोळे तांबारलेले.

‘कोण वाजवतंय? माझी मस्करी करतोस?’

‘शेठ, हा माझ्यासमोर बसलाय,’ दोस्त मध्ये पडला. ‘आम्ही निघालोच आहोत. सोडा त्याला.’

मालकानं बाटली त्याच्या कपाळावर फोडली.

दोस्त भिंतीशी कोसळला. डोळ्यांत रक्त. त्या लाल पडद्यातून त्याला दिसलं ते सांगतो. मालकानं पोराचे केस धरले. लाथेनं कडी तोडली. फरफटत आत नेलं. दिवा लावला. त्याचं डोकं ओंडक्यावर दाबलं आणि सत्तूर उचलला.

‘तुलाही निजवतो त्याच्याशेजारी!’

दोस्ताला उठवेना. पोर ‘दादा... दादा...’ करत होतं.

सत्तूर वर गेला.

वरच राहिला.

मालकानं जोर लावला. हात हलेना. मानेच्या शिरा फुगल्या. मग हात आपणहून खाली आला. सावकाश. पोराच्या कानाशेजारी सत्तुराची पाठ आपटली.

टक... टक.

मालकाच्या तोंडावरचा दारूचा रंग उतरला. पोराचे केस धरलेला त्याचा डावा पंजा उघडला. एकेक बोट कुणी सोडवावं तसा. पोर सुटलं, भावाच्या अंगावर येऊन पडलं. आणि तो डावा पंजा ओंडक्यावर गेला. पालथा. बोटं पसरलेली.

‘नको,’ मालक म्हणाला. ‘वस्ताद... नको.’

पहिला घाव बोटांवर.

मी वर्णन करत नाही. दोस्तानंही नव्हतं केलं. फक्त एवढं म्हणाला, की तो कापणाऱ्याचा सराईत हात होता. बारीक, सारखा, न थांबता. बोटं. मग मनगट. मग कोपर. मालक किंचाळत होता, स्वतःच्या उजव्या हाताच्या विनवण्या करत होता. हात ऐकेना. शेवटी पातं गळ्याशी आलं...

...

मग शांत. ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

मालक जमिनीवर होता. सत्तूर ओंडक्यावर. जवळ कुणी नाही. आणि...

टक... टक.

म्हातारा वेटर सवयीनं एक पाऊल पुढे गेला. आणि मटकन खाली बसला.

मला त्या मालकाची दया येत नाही, सांगून टाकतो. भाऊ वाचला, ह्यातच सगळं आलं. तो हल्ली बेकरीत पाव भाजतो. सुरीला हात लावत नाही. पोलिसांनी किंकाळ्या ऐकून धावत आलेल्या त्या दोन मित्रांनाही विचारलं, वेटरलाही. तिघांनी तेच सांगितलं, सत्तूर मालकाच्याच हातात होता. मग ओंडका सरकवला, नवी फरशी फोडली. खाली वस्ताद होता. पायात चपला नाहीत. दोन्ही हात रिकामे.

सगळं आटोपल्यावर त्या फरशीचा एक तुकडा दोस्तानं उचलला. घरात ठेवला तर भावाला झोप लागेना, म्हणून मला आणून दिला. थांबा, खिशातच आहे. मोबाईलचा दिवा इकडे करा.

ही वरची बाजू. गुळगुळीत, नाही? एक ओरखडा नाही.

धाकटे, तू धर. आता पालथा कर...

बोट जपून फिरव. वार खोल आहेत.