रुपचंदची सव्वा मूठ

पारोळ्याला किल्ला आहे, भुसावळला रेल्वेचं जंक्शन आहे. आमच्या मोहाडखेड्याला चावडीच्या भिंतीत बसवलेली एक हातभर पाटी आहे. तिच्यावर कोरलंय : 'या गावातून १९३९ ते १९४५ च्या लढाईत २३ जवान गेले. त्यांपैकी ४ परत आले नाहीत.' नावं नाहीत. कोरणाऱ्याला दगड पुरला नाही की सांगणाऱ्याला उत्साह, कोण जाणे. पण अडीच हजार वस्तीच्या गावातून तेवीस जण. मला त्या आकड्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

मी तोताराम गुरुजी. इथल्या हायस्कुलात तेहेतीस वर्षं इतिहास शिकवला. १९८५ साली निवृत्त झालो आणि ती तेवीस नावं शोधायला लागलो. पलटणींच्या कचेऱ्यांना पत्रं लिहिली, लोकांना माळ्यावरच्या ट्रंका उघडायला लावल्या, काळी पडलेली पदकं चिंचेनं घासली. नियम एकच ठेवला : कागद असेल तर नाव, नाहीतर नाही. नुसतं ऐकत बसलो असतो तर काही खरं नव्हतं. छगननानांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या वडिलांनी एकट्यानं जपानी तुकडी पिटाळून लावली. कागद म्हणतो, ते पलटणीचे स्वयंपाकी होते. मला त्याचाही अभिमान आहे. उपाशी पलटण लढत नाही.

दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की मी लोकांना घेऊन गावातून पायी फिरतो. चावडीच्या पाटीपासून निघायचं, फरसबंदी गल्लीतून वेशीपर्यंत जायचं. वाटेत जवानाचं घर आलं की थांबायचं. तो कुठे लढला, कसा परतला, ते मी सांगतो. मग मोठ्यानं त्याचं नाव घेतो आणि त्या घरातलं वडील माणूस उंबऱ्यावर येऊन म्हणतं, "हाजर." जो परत आला नाही त्याच्या घरी कुणी हाजर म्हणत नाही. आम्ही दहा श्वास उभे राहतो आणि पुढे निघतो. हा रिवाज मी घालून दिला नव्हता, पहिल्या वर्षी आपसूकच तसं झालं. तेव्हापासून अमळनेर-धुळ्याचेही लोक येतात.

बावीस नावांचे कागद मिळाले. तेविसावा रुपचंद. त्याचं घर वेशीजवळ, अगदी शेवटचं. १९४२ साली तो भरती झाला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला, एवढं सगळं गाव जाणत होतं. त्याच्या मरणाचा कागद नव्हता आणि जगण्याचाही नव्हता. त्यामुळे पाच वर्षं मी माणसं घेऊन त्या घरावरून न थांबता गेलो. त्याची बायको झुंबरबाई दर वर्षी डोईवर पदर घेऊन दारात उभी असायची. मी मान खाली घालायचो. नियम करणाऱ्याला तो पाळावा लागतो, पण मला स्वतःची लाज वाटायची.

१९९१ च्या श्रावणात रुपचंदचा धाकटा भाऊ उखर्डूआबा माझ्याकडे आला. आमच्याकडे कानबाईचे रोट असतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट; त्याआधी घरातल्या प्रत्येक जित्या पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, घरच्याच जात्यावर दळायचे आणि त्याचे रोट फक्त घरच्यांनी खायचे. पत्रं थांबल्यापासून सत्तेचाळीस वर्षं झुंबरबाईनं रुपचंदची मूठ धरायला लावली होती.

"गुरुजी, भाऊबंद म्हंतस, मरेल मानूसनी मूठ धरी ते जित्यासले बाधस," उखर्डूआबा म्हणाला. त्याचा नातू वर्षभर आजारी होता. "वहिनीले कसं सांगू? यंदा तुमना कागद म्हनी तसं करसूत."

रुपचंदच्या पलटणीला मी पुन्हा लिहिलं होतं, उत्तर यायचं होतं. म्हणजे एका बाईचं कुंकू माझ्या टपालावर येऊन ठेपलं होतं.

टपाल नागपंचमीच्या दिवशी आलं. खाकी पाकिटात तीन कागद. पहिला भरतीच्या अर्जाची नक्कल : नाव, गाव, ओळखीची खूण 'डाव्या अंगठ्यावर तिरका व्रण'. खाली सहीच्या जागी तोच अंगठा, मधोमध तिरकी पांढरी रेघ. दुसरा दोन ओळींचा : मार्च १९४४ पासून बेपत्ता, मृत गृहीत. तिसरी पोच. तिच्यावर वारसाची सही किंवा अंगठा घेऊन परत पाठवायची होती. मी पाकीट बंडीच्या आतल्या खिशात घातलं, बटण लावलं. दुसऱ्याच दिवशी पंधरा ऑगस्ट होता. वेशीजवळच्या घरासमोर थांबायचं आणि कागद वाचायचा, असं मी ठरवलं. रात्री कागद पुन्हा वाचले, पोच सगळ्यात खाली ठेवली आणि बटण परत लावलं.

सकाळी चावडीपाशी पंचवीसेक माणसं जमली. पंधरा दिवस पावसानं उघडीप दिली होती. ऊन असं की फरसबंदीचे दगड तापले होते. मी पाटी वाचून दाखवली आणि आम्ही निघालो.

पहिलं घर छगननानांचं. मी स्वयंपाक्याची गोष्ट सांगितली, नाव घेतलं, नाना छाती काढून म्हणाले, "हाजर." मग तेही आमच्याबरोबर निघाले. पन्नास पावलांवर त्यांनी माझी बाही धरली.

"गुरुजी, आज बूट कोनी घालेल शेतस?"

मी ऐकलं. आमच्या मागून दगडावर नाळ ठोकलेल्या बुटांचा आवाज येत होता, जड आणि सावकाश. मी मागे पाहिलं. सगळ्यांच्या पायात चपला होत्या, दोघे-तिघे अनवाणी. मी थांबलो, लोक थांबले. बूट अर्धं पाऊल उशिरा थांबले.

गल्ली अरुंद आहे, भिंतींवरून आवाज परत येतो. मी नानांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यानंतर ते मागे राहिले नाहीत, माझ्या बरोबरीनं चालले.

सहा घरं झाली, दहा झाली. परतलेल्यांच्या उंबऱ्यांवरून "हाजर" येत होतं. कुठे गूळ-शेंगदाणे हातावर पडत होते. मी बोलत होतो, लोक ऐकत होते, एका म्हाताऱ्यानं तर बापाची टोपी घालून सलाम ठोकला. अशा वेळी मला माझं गाव फार मोठं वाटतं. पण बोलता बोलता वास यायला लागला. कुजलेल्या पानांचा, न थांबणाऱ्या पावसाचा. आमच्याकडे तसा वास कधी येत नाही, तेवढं दाट रानच नाही इथे.

बन्सीलालच्या घरी आम्ही ओट्यावर टेकलो. उठलो तेव्हा त्याची बायको यशोदाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हाऊ चिखल कोनी आना? आतेच सारेल शे ओटा."

शेणानं सारवलेल्या ओट्यावर टाचेचा आणि तळव्याचा ठसा होता. बुटाचा. लोकांनी आपापल्या चपला उलट्या करून दाखवल्या. सगळ्या कोरड्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या.

मी वाकून पाहिलं. चिखल लाल होता. आमची जमीन काळी. गावाच्या शिवारात, नाल्यात, कुंभाराच्या आव्यातसुद्धा लाल माती नाही.

मी घाबरलो. पण शाळेत इन्स्पेक्टर आल्यावरही मी तास सोडला नव्हता.

"चला," मी म्हणालो.

वेशीजवळचं घर आलं. ओसरीवर उखर्डूआबा बसला होता. पुढे सुपात निवडलेले गहू. त्या दिवशी मुठी मोजायच्या होत्या आणि तो माझ्यासाठी खोळंबला होता. झुंबरबाई दारात उभी होती. सहासष्ट वर्षांची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"कागद उना म्हने," ती म्हणाली.

"आला, अक्का."

"काय म्हनस ते सांगा. मी रडाव नही. मूठ धरानी का नही, तितलंच सांगा."

माझा हात खिशाकडे गेला. पण कागदाच्या आधी त्याचं नाव घ्यायलाच हवं, असं मला वाटलं. मी नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"रुपचंद."

कुणी हाजर म्हणालं नाही.

मी श्वास मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

चौथ्याला बूट वाजले. आमच्या मागून निघाले, माणसांच्या मधून पुढे आले. लोक नकळत बाजूला सरकले.

सातव्याला उखर्डूआबानं पाय आखडून घेतले. मोठा भाऊ ओसरीवरून जाताना घेतात तसे.

आठव्याला झुंबरबाईनं पदर कपाळावर ओढला आणि दार मोकळं करून ती बाजूला झाली.

नऊ. दहा.

आत कुठेतरी तांब्याचा आवाज झाला.

मी खिशाचं बटण काढलं. ते लावलेलंच होतं. पाकीट उघडलं. वरच पोच होती, रात्री मी सगळ्यात खाली ठेवलेली. 'वारसाची सही किंवा अंगठा' या ओळीसमोरच्या कोऱ्या जागेत लाल चिखलाचा अंगठा उमटला होता. मधोमध तिरकी पांढरी रेघ.

मी अर्जाची नक्कल काढली. दोन्ही अंगठे शेजारी धरून पाहिले. तेहेतीस वर्षं मुलांच्या सह्या ताडून पाहिलेला माणूस आहे मी.

झुंबरबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"धरा मूठ," मी म्हणालो. "कागद आलाय, अक्का."

उखर्डूआबानं सुपात हात घातला. आधी रुपचंदची सव्वा मूठ काढली, मोठ्या भावाची म्हणून. एक दाणा सांडला नाही. झुंबरबाई रडणार नाही म्हणाली होती. तिनं शब्द पाळला नाही, आणि मीही डोळे पुसले.

त्या श्रावणात उखर्डूआबाच्या नातवाला काही झालं नाही. उलट तो बरा झाला. झुंबरबाई गेल्या वर्षी मार्गशीर्षात गेली. भाऊबंदांनी तिला हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकवानं नेलं. गुरुजींचा कागद आहे म्हटल्यावर कुणी तोंड उघडलं नाही. मी कुणाला खोटं सांगितलेलं नाही. कागद आलाय, एवढंच म्हणालो होतो.

आताही दर पंधरा ऑगस्टला मी लोकांना घेऊन फिरतो. शेवटच्या घरी नाव घेतो, उखर्डूआबा हाजर म्हणतो. परत न आलेले तीन, असं मी सांगतो. बाहेरगावचा एखादा हुशार माणूस मला दुरुस्त करतो, "गुरुजी, पाटीवर चार आहेत." पाटी चुकली आहे, असं मी त्याला ताठ मानेनं सांगतो. तेवीसच्या तेवीस नावांचे कागद माझ्या ट्रंकेत आहेत.

पोच मात्र परत पाठवली नाही. ती मी वेगळी ठेवली आहे, दुसऱ्या कागदांना डाग लागायला लागले म्हणून. सहा उन्हाळे झाले, अंगठ्याची माती अजून ओली आहे.