हंड्यावरची नावं

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डिंडोलीतल्या गल्लीला पाणी आलं आणि मालतीबाईंच्या हंड्यावरचं नाव गेलं.

आधीच्या रविवारी हर्षदाने गल्लीची पाइपलाइन धुतली होती. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ती कापडावरची खळ एन्झाइमने उतरवायची. पाइपच्या आत धरलेला बुळबुळीत थरही तसाच सुटेल, असं तिचं म्हणणं. दूषित पाण्याने उन्हाळ्यात अकरा घरांत कावीळ झाली होती. आता नळांना बांधलेली फडकी पांढरीशुभ्र राहत होती. प्रयोगशाळेचा अहवाल आला: पिण्यास योग्य. वडील शालिग्राम उधन्यात, ते कामाला असलेल्या लूमवर, पेढे वाटून आले. गल्लीने तिला पितळी हंडा दिला, त्यावर कोरलेलं: ‘शालिग्राम यांची कन्या हर्षदा हिस’.

मालतीबाईंचा हंडा त्यांच्या लग्नात भावाने, रामदासने, दिलेला. रामदास दोन वर्षांपूर्वी वारला.

“भाऊनं नाव गयं वं,” त्या म्हणाल्या. “मन्हं तसंच शे.”

हर्षदाने नख फिरवलं. पितळ गुळगुळीत, कधी कोरलंच नसल्यासारखं.

“एन्झाइम धातूला लागत नाही, काकू.”

“मंग कसाले लागस?”

संध्याकाळपर्यंत तिने गल्लीतली एकोणीस भांडी पाहिली. गेलेल्या माणसांची नावं गेली होती. जिवंतांच्या नावांत नख अडकत होतं. तिने वहीत नोंद केली, नळाचं पाणी पिऊ नका म्हणून घरोघर सांगितलं आणि नमुना पुन्हा पाठवला.

शनिवारी अहवाल तोच आला.

“रिपोर्ट पास शे ना? मंग काबरं घाबरस?” शालिग्राम म्हणाले. रविवारी त्यांनी हर्षदाचा नवा हंडा नळाखाली भरला आणि सगळ्यांसमोर पहिला तांब्या स्वतः प्यायले. “मन्ही पोरनं पाणी शे,” ते म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदाचाही ऊर भरून आला. ते तिला नाकारता आलं नाही.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला तिने हंडा कोरडा केला.

‘यांची कन्या हर्षदा हिस’.

त्याच्या आधी नुसतं पितळ. तिने नख फिरवलं. अडकलं नाही.

“आखो अर्धा कप दे,” मागून शालिग्राम म्हणाले.

तिने चहा ओतला. कप त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फुंकर घातली.

वाफ सरळ वर जात राहिली.