तिख्याची वाट

मे महिन्यात नागपुरात ऊन चढायच्या आत जे काम उरकेल तेच खरं. म्हणून प्रेमिलाबाई सकाळीच धरमपेठेतल्या बाजारात जाऊन कूलरसाठी वाळ्याच्या ताट्या घेऊन आल्या. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकल्या. दिवाण जागेवर नव्हता. इतकी वर्षं भिंतीशी असलेला दिवाण अमोलने, त्यांच्या मुलाने, खिडकीखाली ओढून ठेवला होता. चार दिवसांसाठी तो पुण्याहून आला होता.

"हा काहून हलवला गा?"

"तुले हवा येईल, आई. आता तिख्या नाही ना. कोणासाठी ठेवायचं सगळं तसंच?"

तिख्या त्यांचा कुत्रा. भिवापूरच्या मिरचीबाजारातून आणलेलं तांबूस पिल्लू, सारखं शिंकायचं, म्हणून हे नाव. नवव्या वर्षी त्याला साखरेचा आजार झाला आणि महिनाभरात दोन्ही डोळे दुधाळ होऊन गेले. डॉक्टर म्हणाले, घरातलं सामान हलवू नका, तो पावलांनी घर पाठ करेल. तेव्हापासून चार वर्षं प्रेमिलाबाईंनी साधं स्टूलही सरकू दिलं नाही. सुई देऊन मोकळं करा त्याला, असं सांगणाऱ्यांना त्यांनी पुन्हा चहा विचारला नाही. तिख्या रोज दुपारी स्वयंपाकघरातून निघायचा, खिडकीखालून दारापर्यंत जायचा, दार हुंगायचा आणि परत येऊन त्यांच्या पायाशी लवंडायचा. मार्चमध्ये तो गेला, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून.

जेवणं झाली. उन्हाळ्यात दोनच्या सुमाराला वीज जायचीच, तशी गेली. कूलरची घरघर थांबली आणि सगळी गल्लीच मुकी झाली. बाहेर पांढरंफटक ऊन, आत ओढलेले पडदे, ओल्या वाळ्याचा वास. अमोल फरशीवर आडवा होऊन मोबाइल बघत होता.

स्वयंपाकघरात नखं वाजली. टक... टक... टक...

सावकाश, चाचपत. उंबऱ्यापाशी जरा थांबली. मग खिडकीच्या बाजूने पुढे आली, आणि धप्प. दिवाणावर काहीतरी आपटलं. दिवाण हलला. पाठोपाठ बारीकसं कुईं.

अमोल उठून बसला. "आई... तू ऐकलं?"

"मी दोन महिन्यांपासून ऐकून राहिली." प्रेमिलाबाई उठल्या होत्या. त्यांना भीती नव्हती वाटली, संताप आला होता. "उठ. तिकडून धर."

अमोलने दुसरं टोक उचललं. दिवाण भिंतीशी लागला तशी नखं पुन्हा निघाली, दारापर्यंत गेली, परतली आणि प्रेमिलाबाईंच्या पायाशी शांत झाली.

"हे बरं नाही, आई," अमोल हळूच म्हणाला. "माह्या मित्राचे काका आहेत, ते मंत्र टाकून घर मोकळं करून देतात. नाही तर तू पुण्याले चल."

"जिता होता तवा लोक सुई द्या म्हणत. आता मेल्यावर तू हाकलून राहिला. तो इथंच राहील. आणि मी पण."

अमोल संध्याकाळच्या गाडीने निघून गेला.

आठवडाभर नखं येत-जात राहिली. मग एका दुपारी ती दारापर्यंत पोचलीच नाहीत. अलीकडेच थांबली आणि मोकळ्या फरशीवर कशाला तरी वळसा घालून परतली. प्रेमिलाबाईंनी जाऊन पाहिलं. फरशी कोरडी, रिकामी. दुसऱ्या दिवशी तो वळसा हातभर आत पडला. तिसऱ्या दिवशी आणखी आत. चौथ्या दिवशी, खोलीच्या मधोमध, नखं थांबली आणि गुरगुर ऐकू आली. जिवंतपणी तिख्या कधी गुरगुरला नव्हता.

पाचव्या दिवशी वीज जाताच प्रेमिलाबाईंनी लाकडी खुर्ची उचलली आणि खोलीच्या मध्यावर नेली. तिचा पाय त्यांनी फरशीवर तीनदा ठोकला.

"तिख्या, खुर्ची इथं आहे बाबू. ध्यानात ठेव."

मग त्या खुर्चीत बसल्या, पाय घट्ट रोवून. समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाल्या, "तू कोण आहेस, मले माहीत नाही. त्याले दिसत नाही म्हणून आत आला असशील. मले दिसते."

हे खोटं होतं. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

नखं आली. खुर्चीला न धडकता वळली आणि त्यांच्या उजव्या पायाशी थांबली. गुरगुर सुरू झाली... खोल, न थांबणारी. प्रेमिलाबाईंनी हात खाली सोडला. बोटांना काही लागलं नाही, पण तो त्यांनी तसाच ठेवला.

तेवढ्यात वीज आली. समोरच्या खिडकीतला कूलर दणक्यात सुरू झाला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, पडदे उडाले, दिवाणावरच्या वर्तमानपत्राची पानं घरभर झाली.

प्रेमिलाबाईंच्या पदराचं टोकसुद्धा हललं नाही. वारा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता, समोरच्या रिकाम्या जागेतच अडत होता.